बोरपेठच्या मुक्ताईचं ताट

हौशीराम गाडी शिकला तेव्हा डिंभ्याच्या धरणात पाणी अडायला लागलं होतं आणि त्याचं बोरपेठ गाव त्या पाण्याखाली चाललं होतं. गाव वर सरकलं, घोडेगावच्या अंगाला नव्या गावठाणात पत्र्याची घरं उभी राहिली. जमिनीचं जे मिळायचं ते मिळालं आणि वाटण्यांत विरून गेलं. हौशीराम आधी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसला, मग मंचर-घोडेगाव वडापची जीप त्यानं काही वर्षं हाकली. पुढे पुण्याची माणसं सुट्टीला धरण बघायला, जंगल बघायला यायला लागली, तेव्हा त्यानं जुनी कमांडर जीप घेतली आणि सहलीचा धंदा धरला. सकाळी मंचरच्या स्टँडवर पाहुणे घ्यायचे, पाण्याच्या कडेकडेनं आहुप्यापर्यंत न्यायचं, कड्यावरून खालचं कोकण दाखवायचं, हिरड्याच्या सावलीत भाकरी खायची आणि दिवस मावळायच्या आत परत. कधी जुन्नरच्या बाजूनं माणिकडोह, कुकडेश्वर, नाणेघाट. रस्ता कुठलाही असो, त्याचा एक कायदा ठरलेला. गाडीत बसलेलं माणूस जसं बसलं तसंच घरी उतरलं पाहिजे. कड्यावर पाहुण्यांच्या आधी तो स्वतः जाऊन उभा राहायचा. पाण्यात कुणी पाय घालायला निघालं, तर आधी ह्याचा पाय पाण्यात. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्याला हसायचे. "हौशीभाऊ, पावणं हायेत ते, अंडी न्हाईत," म्हणायचे. तोही हसायचा आणि कायदा काही सोडायचा नाही.

तो कायदा एकदाच मोडला. त्या दिवशी गाळात रुतलेलं माणूस त्याची स्वतःची आई होती, आणि चुकीच्या वाटेकडे बोट त्यानंच दाखवलं होतं.

दुष्काळाची ओळीनं वर्षं चालली होती त्यातला तो मे महिना. हौशीरामची आई कुशाबाई सत्तरीच्या पुढची. अंगानं वाळलेली, जिभेनं मात्र ओली, कुणाला बोलायची राहायची नाही. गाव उठलं तेव्हा लोकांनी गावदेवी मुक्ताईची मूर्ती वाजतगाजत नव्या गावठाणात आणली. पण मूळचा शेंदऱ्या तांदळा, देवीचा अनघड दगड, पाराखालून निघाला नाही. पहारी लावल्या, नारळ फोडले, तो हलला नाही. तेव्हापासून कुशाबाईचं एकच म्हणणं, मूर्ती वर आली, आई खालीच राहिली. म्हणून दर मे महिन्यात पाणी उतरलं की ती पुरणपोळीचा नैवेद्य करायची आणि धरणाच्या काठाला जाऊन पाण्याकडे तोंड करून दाखवायची. त्याचीही एक रीत होती. ताट घरातून उचललं की देवीला दाखवेपर्यंत भुईला टेकवायचं नाही. उंबऱ्यावर नाही, ओट्यावर नाही, गाडीच्या फळीवरही नाही. मांडीवर नाहीतर हातात.

त्या दिवसापुरती पुढची सीट आईची. पाहुण्यांना हौशीराम आधीच सांगून ठेवायचा.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे धम्मपाल, त्याची बायको कल्याणी आणि सात-आठ वर्षांची पोरगी श्रेया. धम्मपाल मूळचा अवसरी खुर्दचा, पुण्यात बँकेत नोकरीला. घराजवळचं धरण आणि जंगल आपण कधी बघितलंच नाही, म्हणून सुट्टीत बायकोपोरीला घेऊन आला होता. गाडी घोडेगावच्या पुढे निघाली तशी कुशाबाई मान वळवून म्हणाली, "अवसरीचं म्हणता, तर कुणाचं म्हणायचं तुमी?"

"बौद्धवाड्यातले, आजी," धम्मपाल सरळ म्हणाला.

"असं व्हय," म्हणून कुशाबाई पुढे बघायला लागली. थोड्या वेळानं तिनं मांडीवरचं ताट पोटाशी जरा जास्त ओढून घेतलं. खड्ड्यासाठी ओढलं असेल. पण हौशीरामनं ते पाहिलं, आणि आरशात बघितलं तर धम्मपालनंही पाहिलं होतं. श्रेयानं मागून पुढच्या सीटवर हनुवटी टेकवली.

"आजी, ताट खाली ठेवा ना. हात दुखतील," ती म्हणाली.

"दुखंनात. आमच्या मुक्ताईला भुईवरलं चालत न्हाई."

"तिला कसं कळणार?"

"तुझ्या आईला कसं कळतं तू डबा टाकून आलीस ते?" कुशाबाई म्हणाली, आणि कल्याणीला हसू आलं.

फुलवड्याच्या अलीकडे रस्ता पाण्याच्या वरून जातो. हौशीरामनं नेहमीच्या ठिकाणी गाडी खाली घेतली आणि काठाच्या खडकावर उभी केली. सगळे उतरले. एरवी इथं पाणी खडकाला लागलेलं असायचं. त्या वर्षी ते आत आत गेलं होतं. समोर भेगाळलेली राखाडी जमीन, तिच्या पलीकडे पाण्याची बारीक रेघ आणि मध्ये बोरपेठ. घरांची जोती, एक मोडकं जातं, बाभळीचे काळे बुंधे. आणि ओढ्याच्या अंगाला उंचवट्यावर मुक्ताईचा पार. गाव गेल्यापासून पहिल्यांदाच.

कुशाबाई नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "हौशा, पार दिसतुया."

"दिसतोय की."

"म्हंजे आवंदा आईच्या पायाशी जाता येईल."

हौशीरामनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. मधे एका ओळीत घडीव दगड दिसत होते. "ती बघ शाळा," तो म्हणाला. "शाळंच्या पुढं मुरूम टाकलेला व्हता, कठीण भुई हाये ती. तिकडनं जाऊ. पण थांब, मी काठी घेतो अन् पुढं व्हतो. तू मागनं ये."

काठी गाडीच्या टपावर बांधलेली. तो सोडायला गेला. तेवढ्यात श्रेयाच्या पायात काटा गेला, तो बघायला खाली बसला. काटा काढून वर बघतो तर आई निघालेली. दोन्ही हातांत ताट, पदर खोचलेला, आपल्याच अंगणात चालावं तशी.

"आये, थांब म्हनलं ना," त्यानं हाक दिली.

"माझ्या गावात मला तू काठीनं वाट दाखवतोस व्हय रं?" मागे न बघता ती म्हणाली, आणि दगडांच्या ओळीला लागली. चार पावलं नीट पडली. पुढचा पाय भेगाळलेल्या पापुद्र्यातून आत गेला, घोट्याच्याही वर. तो सोडवायला तिनं दुसरा पाय जोरात टाकला. तोही गेला. मग ती तशीच उभी राहिली, गुडघ्यापर्यंत आत, ताट छातीशी.

हौशीराम काठी टपावरच सोडून धावला. दगडांपाशी जाऊन त्यानं ते नीट बघितले. शाळेचे दगड असे नव्हते. शाळेच्या पायरीला कोरलेली पट्टी होती. हे दगड कोंडवाड्याचे. कोंडवाडा ओढ्याच्या काठाला, खोलगटात. ओढ्याचा सगळा गाळ वर्षानुवर्षं तिथंच येऊन बसलेला. वर उन्हानं पोळीसारखा पापुद्रा धरला होता, खाली नुसता लगदा. इतकी वर्षं पाण्याखाली राहून गाव जागचं हललं नव्हतं, त्याच्या ध्यानातलं गाव मात्र जरासं सरकलं होतं.

तो पुढे झाला तसा त्याचाही पाय गेला. हौशीराम अंगानं दणकट, पोट सुटलेला. त्यानं पाय ओढला, आणि त्या ओढाताणीनं चिखल हलला. आईकडून बारीक आवाज आला. ती मांडीपर्यंत गेली होती.

"हलू नगंस," तो म्हणाला. "आये, पाय मारू नगंस. अजाबात."

"मी कुठं मारतीया. तूच नाचतोयस."

तो मागे सरकला. काठावर येईपर्यंत त्याच्या लक्षात आलं की इथं ओरडून उपयोग नाही, फोनला रेंज नाही. आहुप्याची एसटी संध्याकाळी. वरच्या वाडीवरचे लोक उन्हाचे घरात. तरी त्यानं दोन वेळा हाक मारली. डोंगरावरून ती तशीच परत आली.

कमांडरच्या मागच्या बाकांच्या गाद्या निघतात. त्यानं त्या उपसल्या. टपावरच्या दोन फळ्या सोडल्या. बंद गाडी ओढायचा टोचनाचा दोर काढला. धम्मपाल न सांगता हाताखाली आला, फळ्या उचलू लागला. श्रेयाला कल्याणीनं गाडीत बसवलं आणि दार लावलं.

गावाकडे म्हैस अशी रुतायची तेव्हा तिला पायातून ओढायचं नसतं हे हौशीरामला ठाऊक होतं. तिला आडवं करायचं, फळीवर घ्यायचं आणि मग अंगाला दोर घालून सरकवायचं. आईला आडवं व्हायला पाहिजे. पाठीवर, मागे. तिनं हात मोकळे करून फळी धरली तर चिखल पाय सोडेल.

फळ्या सरकवून त्यानं आईच्या मागे नेल्या. फळीवर गादी टाकली. फळीचं टोक तिच्या पाठीला लागलं.

"आये, आता मागं रेल. पाठ फळीवर टाक अन् हातांनी फळी धर."

"हातात ताट हाये."

"ताट सोड."

"हितं? ह्या राड्यात?"

"सोड म्हनतो ना."

"निवद हाये तो, हौशा. ती समूर बसलीया अन् तिच्या डोळ्यादेखत राड्यात टाकू?"

ऊन कलत होतं. तिचा आवाज नेहमीचा होता, पण छातीशी धरलेलं ताट खाली खाली यायला लागलं होतं. ताटावरचं केळीचं पान वाऱ्यानं फडफडलं. हौशीराम फळीवरून पोटावर सरकत जायला निघाला. अर्ध्यातच फळीचं मधलं अंग दबलं, बाजूनं काळं पाणी वर आलं आणि आई आणखी चार बोटं खाली गेली. आता कमरेशी. त्यानं डोळे मिटले आणि मागे सरकला. त्याला कळलं की आपण गेलो तर आपणच तिला बुडवणार.

काठावर कल्याणी उभी होती. चणीनं लहान, सडपातळ. तिनं ओढणी काढून धम्मपालच्या हातात दिली होती.

"दोर मला बांधा," ती म्हणाली.

"न्हाई," हौशीराम म्हणाला. "तुमी पावणं हायेत. पावण्याला मी गाळात घालायचा न्हाई."

"तुम्ही गेलात तर आजी जातात. आत्ताच बघितलं."

"कल्याणी, तू नाही जायचंस," धम्मपाल म्हणाला. "मी जातो."

"तुझं वजन बघ आधी."

"मग दुसरं काही तरी करू. वाडीवर जाऊ कुणाला तरी आणायला."

"तोवर?"

धम्मपालनं तिला बाजूला ओढलं, पण तिथं बाजू अशी नव्हतीच, बोललेलं सगळ्यांना ऐकू येत होतं. "आणि तू जाशील," तो दबक्या आवाजात म्हणाला, "पण त्या तुझ्या हातात ताट देणार आहेत का? गाडीत बघितलंस ना तू?"

कल्याणीची नजर ताटाकडे गेली. हौशीराम मान खाली घालून उभा राहिला. हे त्याच्याही मनात होतं, आणि ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला तो ओळखत होता. तिच्या पिढीतल्या बायका कशा वागल्या, विहिरीवर कोण कुठं उभं राहायचं, हे त्यानं लहानपणी ह्याच गावात, ह्याच ओढ्यावर पाहिलं होतं. आता ती कमरेपर्यंत त्याच गावात रुतली होती.

"दोगांचं भांडून झालं की सांगा," गाळातून कुशाबाई म्हणाली. "मी हाये हितंच."

कुणी हसलं नाही.

"अन् मी कवा म्हनलं देणार न्हाई म्हणून?" ती म्हणाली. मान वळवता येत नव्हती, ती पाराकडे तोंड करूनच बोलत होती. "आं? माझं तोंड हाये की मला. इचारायचं मला."

कल्याणीनं हौशीरामच्या हातातला दोर घेतला आणि स्वतःच्या कमरेला गुंडाळला. आता त्यानं तिला अडवलं नाही. दोर सोडून नीट तिच्या काखेखालून घातला, गाठ दोनदा ओढून बघितली. गाठ मारताना त्याचे ओठ हलत होते. मुक्ताईचं नाव होतं, दुसरं काही सुचतच नव्हतं.

"पोटावर निजून सरका," तो म्हणाला. "गुडघा टेकू नका. घाई करू नका. मी वढ म्हनलं की मागं यायचं, ताट घ्या नाहीतर न घ्या."

ती सरकत गेली. फळी तिच्याखाली दबली नाही. दोर हौशीराम आणि धम्मपाल दोघांच्या हातांत होता आणि तो त्यांच्या हातांतून एकेक वीत सुटत होता. गाडीच्या काचेला श्रेयाचं नाक लागलेलं. कल्याणी कुशाबाईच्या पाठीशी पोचली, कुशीवर वळली आणि दोन्ही हात पुढे केले.

कुशाबाईनं ताट डोक्यावरून मागे दिलं. ते हातातून हातात जाताना क्षणभर दोघींनी धरलेलं होतं. कुशाबाई सोडत नव्हती असं हौशीरामला वाटलं. पण ती सोडत होती, तिची बोटंच आखडून गेली होती, उघडत नव्हती. कल्याणीनं एकेक बोट सोडवलं.

"आता तोंड त्या पाराकडं कर अन् ताट वर धर," कुशाबाई म्हणाली. "भुईला लागू दिऊ नगंस."

"आजी, आमच्याकडे हे नसतं. मी नुसतं धरीन."

"धर तू. बाकीचं ती बघंल."

कल्याणीनं फळीवर कोपर रोवलं आणि ताट पाराच्या दिशेनं उचलून धरलं. दुसऱ्या फळीवर कुशाबाई मागे रेलली. हात मोकळे झाले होते. तिनं फळीच्या कडा धरल्या. हौशीरामनं दोराचं दुसरं टोक टाकलं. ते तिनं कसंबसं काखेत घेतलं.

"पाय मारू नगंस, आये. नुसती पड. आंघोळीला पाण्यात पडतो तशी."

"मी कधी पडले रं पाण्यात आंघोळीला? निर्लज्जा."

ओढायला सुरुवात केली. पहिल्यांदा काहीच हललं नाही. धम्मपालचे बूट खडकावरून घसरले, तो बसला, बसल्या बसल्या टाच रोवून ओढत राहिला. कुशाबाईच्या तोंडातून आवाज येईना. हौशीरामला वाटलं, कमरेत काही मोडलं तर. वाटलं, सोडावं. सोडलं नाही. मग गाळातून मोठ्या जनावरानं श्वास सोडावा तसा आवाज आला आणि एक पाय वर आला, चिखलानं भरलेला, काळा. मग दुसरा. त्या पायातली जोडवी खालीच राहिली. फळीसकट ती काठाकडे सरकायला लागली. तिच्यामागे कल्याणी उलटी सरकत आली, ताट तसंच वर धरून. तिचं तोंड चिखलानं माखलेलं, ताटावरचं पान जागचं हललेलं नव्हतं.

खडकावर आल्यावर हौशीरामनं आईचे पाय चोळले. तिला पायांत जीव जाणवत नव्हता, मग मुंग्या आल्या, मग ती ओरडायला लागली, तेव्हा त्याला बरं वाटलं. धम्मपालनं प्यायच्या पाण्याचा कॅन तिच्या पायांवर रिकामा केला. कल्याणी ताट धरून तशीच उभी, कुणाच्या तरी हातात द्यायचं तिलाही सुचत नव्हतं. श्रेया गाडीतून उतरून आईच्या कमरेला चिकटली.

पारापाशी कुणी गेलं नाही. आहुपेही त्या दिवशी राहिलं. "आता न्यायचं तर आजींना दवाखान्यात न्या," धम्मपाल म्हणाला, आणि गाडी घोडेगावाकडे वळली. गाद्या चिखलाच्या, म्हणून मागे सगळे फळ्यांवर बसले. ताट परत कुशाबाईच्या मांडीवर आलं होतं.

चढ चढून गाडी वळणावर आली तेव्हा ती म्हणाली, "पोरी, तू ताट धरलंस तवा तिला काय म्हनलीस?"

कल्याणीनं खरं सांगितलं. "काहीच नाही, आजी. नुसतं धरलं."

"मग गाऱ्हाणं राह्यलं की माझं." तिनं खिडकीबाहेर बघितलं. "हौशा, थांबव."

त्यानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. खाली पाण्याची रेघ चमकत होती आणि तिच्या अलीकडे काळा ठिपक्याएवढा पार. कुशाबाईनं ताट दोन्ही हातांनी खिडकीच्या उंचीला धरलं. तिचे ओठ हलत राहिले. आवाज नव्हता, त्यामुळे ती काय मागत होती, की नुसती भांडत होती, हे कुणाला कळलं नाही. 

मग तिनं पान बाजूला केलं. पोळी मोडली, पहिला तुकडा मागे हात करून कल्याणीला दिला. "घे. देवाचं म्हणून नगं असंल तर माझं म्हणून घे."

कल्याणीनं घेतला. धम्मपालनं घेतला. पोरीनं दोनदा घेतला. हौशीरामच्या तोंडापाशी आईनं तुकडा धरला, तो त्यानं तोंडात घेतला.

"चल की आता," कुशाबाई म्हणाली. "पावण्यांना उशीर व्हतोय."

त्यानं किल्लीला हात लावला आणि परत काढला. मग दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवले, घट्ट धरले, तरी बोटांची थरथर त्याला थांबवता येईना.

"जरा दम धर, आये," तो म्हणाला. "हात थांबू दे."